आधी कॅशे की आधी नेटवर्क?

प्रश्न : मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. घरी जुन्या पीसीवर अनरेड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून सर्व्हर केलाय, ४ टीबीच्या तीन डिस्क, त्यातली एक पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत उभा करायला. एका लग्नाचा ३०० जीबी डेटा निघतो, तो एडिटिंगच्या पीसीवरून सर्व्हरवर टाकायला सव्वा तास जातो, स्पीड सेकंदाला ६०-७० एमबीच्या वर जातच नाही. राउटर गिगाबिट आहे. एकजण म्हणतो एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) कॅशे घाल, म्हणजे डेटा आधी तिच्यावर उतरेल, दुसरा म्हणतो नेटवर्क २.५ गिगाबिट कर. दोन्ही एकदम झेपणार नाही, आधी काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी पाणी कुठं अडतंय ते बघू. गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी सुटतं, तुम्हाला ६५ मिळतंय, म्हणजे अजून नेटवर्क आडवं येतच नाहीये, डिस्क येतायत. (खात्रीसाठी दोन्हीकडं आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन चालवा, ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की केबल-राउटर ठीक.) अनरेड नेहमीच्या पद्धतीत लिहिताना आधी डेटा डिस्कवरचा आणि पॅरिटीवरचा जुना मजकूर वाचतं, मग त्याच जागी नवा लिहितं, त्यासाठी डिस्कची तबकडी परत फिरून तिथं यायची वाट बघावी लागते, सगळा वेळ त्यात जातो.

म्हणून आज रात्री एक पैसाही न घालता डिस्क सेटिंग्जमध्ये जाऊन रायटिंगची पद्धत रीकन्स्ट्रक्ट करा, लोक याला टर्बो राइट म्हणतात. सगळ्या डिस्क फिरत राहतात, वीज थोडी जास्त जाते, पण तीनच डिस्क आहेत, काही बिघडत नाही. डिस्क धडधाकट असतील तर ११० च्या जवळ जाल, सव्वा तासाचा पाऊण तास होईल.

आता खरी गंमत इथंच आहे. गिगाबिट भरून वाहायला लागलं की नुसता कॅशे घालून मोठ्या व्हिडिओ फाइल्सना काहीच फायदा नाही, केबलमधून येणारच ११०. म्हणून तुमच्या बाबतीत मी पहिला खर्च नेटवर्कवर करेन. स्विचही नको, दोन्ही पीसीत २.५ गिगाबिटचं कार्ड घाला आणि सरळ एकच केबल जोडून दोन्हीकडं हातानं आयपी द्या, कॅट ५ई केबल चालते. डिस्कच्या वेगानुसार दीडशेच्या पुढं जाल. मात्र तुम्ही थेट कार्डरीडरवरून कॉपी करत असाल आणि कार्ड यूएचएस-१ (एसडी कार्डाची हळू जात) असेल, तर तेच सहसा शंभरच्या आत अडकतं, मग हे सगळं राहू द्या.

कॅशे त्यानंतर, २.५ गिगाबिट पूर्ण, म्हणजे २८० पर्यंत हवं असेल तर. एनव्हीएमईच पाहिजे असं नाही, साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी ५०० च्या वर जाते, पुरे झाली. स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी मात्र घेऊ नका, सुरुवातीचे काही जीबी झपकन घेते आणि मग काही तर साध्या हार्डडिस्कपेक्षाही हळू होतात, तुमचा ३०० जीबीचा घास तिला नाही पचणार. टीएलसी (तीन बिटवाली) घ्या, १ टीबीची, आणि दोन घ्या, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा.

दोन का ते पोटतिडकीनं सांगतोय. कॅशेवरचा डेटा मूव्हर (तो मोठ्या डिस्कवर हलवणारा अनरेडचा प्रोग्राम) चालेपर्यंत पॅरिटीत नसतोच. माझ्याकडं एकच एसएसडी होती, भाचीच्या बारशाचं शूट संध्याकाळी टाकलं, कार्ड लगेच रिकामं केलं, रात्री दोनदा लाईट गेली आणि सकाळी ड्राइव्ह बायोसमध्येसुद्धा दिसेना. मूव्हर पहाटे चालणार होता. आजीच्या मांडीवर बाळ, कानात नाव सांगतायत, ते सगळं गेलं, बहिणीला फोन करायला मला दुपार झाली. तुमच्याकडं तर लोकांची लग्नं असतात. तेव्हा कॅशेच्या आधी यूपीएस घ्या, आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते दुसऱ्या दिवशी, मूव्हर संपलेला बघून आणि डेटा वेगळ्या बाहेरच्या डिस्कवरही गेल्यावरच.