परदेशातल्या खालच्या लीगमध्ये फुटबॉल खेळून पोट भरते का?

आपला 21 वर्षांचा भाचा पुण्यात स्थानिक लीग खेळतो, एका एजंटाने त्याला युरोपातल्या खालच्या लीगमध्ये चाचणीसाठी नेण्याचे साडेतीन लाख रुपये सांगितले आहेत, आणि अशा लीगमध्ये खेळून माणसाचे आयुष्य निभते का, असे आपण विचारले आहे. काहींचे निभते. मात्र ते कोणाचे निभेल हे पायातल्या कसबापेक्षा कागदांवर अधिक ठरते, असे माझे मत आहे. ते कसे बनले हे सांगितले, तर आपल्याला एजंटाशी बोलणे सोपे जाईल.

मी मूळचा कोल्हापूरचा असून 2009 पासून उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. 2012 ते 2015 हे तीन हंगाम मी येथील एका अर्ध-व्यावसायिक क्लबात खेळाडूंच्या नोंदणीचे कागद सांभाळण्याचे काम हौसेने, बिनपगारी केले. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब आहेत आणि त्यांच्याखाली पायरी-पायरीने आणखी शेकडो क्लब आहेत. आमचा क्लब आठव्या पायरीवर होता. तेथे खेळाडूला आठवड्याला 60 ते 150 पौंड मिळत, तेही हंगाम चालू असेपर्यंत. मे, जून आणि जुलै हे तीन महिने कोरडे जात. आमचा मध्यरक्षक पोस्टमन होता, कर्णधार शाळेत शिकवत असे, आणि मंगळवारच्या सरावाला उशीर झाला तर त्याचे कारण बहुधा नोकरी हेच असे.

दुसऱ्या हंगामात आमच्याकडे बाल्टिक देशांतला एक गोलरक्षक आला. वय 29. नोंदणीचा अर्ज भरायला तो क्लबहाउसमागच्या खोलीत आला, हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकले आणि पिशवीतून खणाखणांची एक प्लॅस्टिकची फाइल काढली. प्रत्येक खणात एकेका देशातला करार होता: मायदेशातला, फिनलंडचा, आइसलंडचा, माल्टाचा आणि उत्तर आयर्लंडचा. दोन करारांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे लिहिलेले दिसले, म्हणून मी विचारले, तर ती त्या क्लबांकडून यायची राहिलेली रक्कम निघाली. पगार किती, हे त्याने पहिल्यांदा विचारलेच नाही. करार शेवटच्या सामन्यापर्यंत आहे की 30 जूनपर्यंत, हा त्याचा पहिला प्रश्न होता, कारण खोलीचे भाडे त्याला जूनमध्येही द्यायचे होते.

मला त्याला खरे सांगावे लागले, की आमच्या पायरीवर बहुतेकांची नोंदणी बिनकरारी असते. अशा खेळाडूला दुसरा क्लब त्याच्या क्लबाला सात दिवसांची सूचना देऊन विचारणा करू शकतो आणि आपला क्लबही त्याला सहज मोकळा करू शकतो. त्याने मान हलवली आणि सही केली. त्यानंतर त्याचे तीन शनिवार गेले. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा आधीच्या देशाच्या फुटबॉल महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र यावे लागते, आणि ते येईपर्यंत त्याला अधिकृत सामन्यात उतरवता येत नाही. ते तीन शनिवार तो गोलमागे उभा राहून चेंडू परत फेकत होता. आठवड्यातल्या चार रात्री तो पार्सलांच्या गोदामात काम करी; त्याचे पोट खरे तर त्यावर चालले होते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या जातीच्या खेळाडूंना तंतोतंत लागू पडते, आणि त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला म्हणजे लुट्झ फानेनस्टील हा जर्मन गोलरक्षक. 1973 साली बव्हेरियात जन्मलेला हा माणूस जर्मनीतल्या खालच्या श्रेणीतून तरुणपणीच मलेशियातल्या पेनांगला गेला, आणि त्यानंतर इंग्लंड, फिनलंड, सिंगापूर, न्यूझीलंड, नॉर्वे, कॅनडा, अल्बानिया असा फिरत राहिला. 2008 मध्ये तो ब्राझीलमधल्या एका लहान क्लबाकडून खेळला, तेव्हा फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्या नावावर एकंदर 25 क्लब सांगितले जातात.

हे सर्व मौजेचे वाटते आणि काही अंशी होतेही, परंतु त्याच माणसाने 2001 मध्ये सिंगापूरच्या तुरुंगात 101 दिवस काढले. सामनेनिश्चितीच्या, म्हणजे मॅच फिक्सिंगच्या, आरोपाखाली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, आणि आपण निर्दोष असल्याचे तो आजवर सांगत आला आहे. 2002 च्या नाताळात ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू या इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीतल्या क्लबाकडून खेळताना, पुढे धावून आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची छातीवर धडक झाली आणि त्याचा श्वास मैदानातच थांबला; क्लबाच्या फिजिओने तोंडाने श्वास देऊन त्याला परत आणले. पुढे तो हॉफेनहाइम आणि फॉर्टुना ड्युसेलडॉर्फ या जर्मन क्लबांत आणि मग अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या क्लबात खेळाडू निवडण्याच्या आणि व्यवस्थापनाच्या कामावर होता. मला विचाराल तर त्याच्या भटकंतीचे खरे उत्पन्न हेच: इतक्या देशांतली माणसे आणि तिथल्या रीती त्याला ठाऊक झाल्या आणि खेळ संपल्यावर त्या ओळखी कामी आल्या. पंचवीस क्लब फिरूनही ज्यांच्या हाती असे काही लागले नाही, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

भारतातले जवळचे उदाहरण बायचुंग भुतियाचे आहे. फुलहॅम, वेस्ट ब्रॉम आणि ॲस्टन व्हिला येथील चाचण्यांत यश आले नाही, तेव्हा 1999 च्या सप्टेंबरअखेर त्याने मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबाशी तीन वर्षांचा करार केला. बरी त्या वेळी ‘सेकंड डिव्हिजन’मध्ये होता, जी नाव दुसरे असूनही प्रत्यक्षात तिसरी श्रेणी होती, इंग्रजांच्या या नामकरणाने आपल्याकडे अजूनही अनेकांची फसगत होते. 3 ऑक्टोबरला कार्डिफ सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पहिला गोल होण्यास पुढल्या वर्षीचा 15 एप्रिल उजाडला. पुढे गुडघ्याची दुखापत वारंवार उलटत राहिली, शेवटच्या हंगामात तो जेमतेम तीन सामने खेळला, आणि एकूण हिशेब 37 सामने व 3 गोल असा झाला. भारताचा पहिल्या प्रतीचा आघाडीवीर तिसऱ्या श्रेणीत इतका झगडला, हे भाच्याला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. पण ‘खालची लीग’ या शब्दाने आपल्या मनात जे हलके चित्र उभे राहते, ते चुकीचे आहे. खुद्द बरी क्लबाचे काय झाले? 2002 मध्ये तो आर्थिक डबघाईमुळे प्रशासकांच्या हाती गेला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये, पैशांच्याच घोळापायी, त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. खेळाडूइतकेच क्लबही तेथे हातावर पोट घेऊन जगतात.

सुनील छेत्रीचे प्रकरण आणखी बोलके आहे. 2009 मध्ये लंडनचा क्वीन्स पार्क रेंजर्स त्याला घेण्यास तयार होता, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या 70 देशांत नसल्याने कामाचा परवाना नाकारला गेला. तो किती चांगला खेळतो, हा प्रश्न तेथवर पोचलाच नाही.

पगाराबद्दल आपण विचारले आहे, म्हणून एक आकडा देतो. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, 2016 मध्ये 54 देशांतल्या सुमारे 14,000 व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 45 टक्क्यांहून अधिक खेळाडू महिन्याला 1,000 डॉलरपेक्षा कमी कमावत होते, आणि 41 टक्क्यांना मागील दोन वर्षांत कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. इंग्लंड, जर्मनी आणि स्पेन त्या पाहणीत नव्हते, हे खरे. पण एजंट ज्या देशांची नावे घेतात त्यांतले बरेचसे त्यात होते. नियम खेळाडूच्या बाजूने थोडे सरकले आहेत: दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबाला लेखी कळवून निदान 15 दिवसांची मुदत द्यावी आणि त्यानंतर खेळाडूला न्याय्य कारणाने करार मोडता येतो, अशी तरतूद फिफाने 2018 मध्ये केली. मात्र तिचा लाभ घेण्यास हातात लेखी करार असावा लागतो, आणि एका हंगामात तीनपेक्षा अधिक क्लबांकडे नोंदणी करता येत नाही व अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात, म्हणून करार मोडून जाण्यालाही मर्यादा आहे.

आता इंग्लंडविषयी विशेष सांगतो, कारण अनेक एजंट हेच आमिष दाखवतात. आमचा तो गोलरक्षक येऊ शकला, कारण तेव्हा युरोपीय संघाच्या नागरिकाला येथे मुक्तपणे काम करता येत असे. 2021 च्या जानेवारीपासून त्यांनाही परवाना लागतो, आणि आमच्यासारख्या क्लबांना परदेशी खेळाडू आणण्याची वाट जवळपास बंद झाली. भारतीय मुलाला ती आधीही बंदच होती. तेव्हा ‘विद्यार्थी व्हिसावर या, शनिवारी खेळा, पैसे मिळतील’ असे कोणी सांगत असेल, तर सावध राहावे: विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास स्पष्ट मनाई आहे. हौस म्हणून खेळण्यास हरकत नाही. पण तेथेही खेळाडूचा पूर्वेतिहास तपासला जातो, आणि मायदेशी पैसे घेऊन खेळलेल्या मुलाने स्वतःला हौशी म्हणवून घेणे धोक्याचे ठरू शकते.

माझ्या ओळखीतल्या सांगलीकडच्या एका कुटुंबाने 2017 मध्ये एका एजंटाला असेच पैसे दिले होते. मुलगा पूर्व युरोपात गेला, दहा दिवस सार्वजनिक मैदानावर त्याच्यासारख्याच इतर मुलांबरोबर खेळला, एका सामन्याचे चित्रीकरण झाले, आणि तो परत आला. त्या चाचणीत क्लबाचा माणूस कोण होता, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. गंमत म्हणजे, आपल्या कोल्हापुरात तालमींच्या संघांकडून खेळायला आफ्रिकेतले खेळाडू येत, तेव्हा आम्ही पोरे त्यांच्याकडे ‘परदेशी खेळाडू’ म्हणून डोळे विस्फारून पाहत असू. त्यांनीही कोणाला पैसे भरले असतील का, हा प्रश्न त्या वेळी कधी मनात आला नाही.

म्हणून एजंटाला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात. क्लबाचे नाव आणि तो देशातल्या कितव्या पायरीवर आहे? क्लबाच्या अधिकृत ईमेलवरून आमंत्रण आले आहे का? व्हिसाचा प्रकार कोणता, आणि त्यावर पैसे घेऊन खेळण्यास परवानगी आहे का? करार मिळालाच तर त्याची शेवटची तारीख काय, आणि दुखापत झाली तर खर्च कोणाचा? एजंटाजवळ फिफाचा परवाना आहे का? 2023 पासून हा परवाना परीक्षा देऊन मिळवावा लागतो आणि परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ज्या एजंटाचे उत्पन्न खेळाडूच्या करारातून येते, त्याला चाचणीपूर्वी घरच्यांकडून साडेतीन लाख का लागावेत, हेही विचारून पाहावे. उत्तर देताना तो काय म्हणतो ते मला कळवा. करार हाती आला, तर नावे आणि रकमा झाकून मसुदा पाठवा, शेवटच्या तारखेचे कलम मी आधी वाचून सांगतो.