शार्क पोहायचा थांबला की मरतो का?

प्रश्न : भाऊ, मी साकोलीकडचा, आमचा धिवरांचा धंदा, मालगुजारी तलावात मासे धरतो. पोरगी सातवीत आहे, तिनं मोबाईलवर पायलं की शार्क पोहायचा थांबला की मरते. मंग तो झोपते कवा? रोज मलेच विचारते, अन् मले तं समुद्र पायलाच नाही.

उत्तर : दादा, समुद्र पाहायची गरज नाही, अर्धं उत्तर तुमच्या टोपल्यात आहे. जिवंत रोहू टबात सोडला की एका जागी थांबूनही तोंडाची सारखी उघडझाप करतो ना, तेव्हा तो पाणी तोंडात ओढून कल्ल्यांवरून बाहेर सोडत असतो अन् कल्ल्यातलं रक्त त्यातला ऑक्सिजन घेतं. शार्कला रोहूसारखं कल्ल्यावर झाकण नसतं, बाजूला पाच ते सात फटी असतात, पण बऱ्याच जाती गाल हलवून असंच पाणी ओढतात. नर्स शार्क तर दिवसा खडकाच्या आडोशाला चक्क पडून असतो. एंजल शार्क वाळूत दबा धरून बसतो आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेतो, किती सुंदर सोय आहे बघा!

मोबाईलवरचं खरं आहे ते ग्रेट व्हाइट, माको अशांपुरतं. त्यांची गालाने पाणी ओढायची ताकद पुरेशी नसते, म्हणून तोंड उघडं ठेवून पोहत राहायचं, पाणी आपोआप कल्ल्यांवरून जातं. जाळ्यात अडकून हलता आलं नाही तर ते पाण्यातच गुदमरतात.

आता झोपेचं. न्यूझीलंडमधल्या ड्राफ्ट्सबोर्ड शार्कवर 2022 साली अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की पाच मिनिटांपेक्षा जास्त निपचित पडला की त्याचा ऑक्सिजनचा खर्च कमी होतो, म्हणजे ती खरीच झोप, फक्त डोळे कधी कधी उघडेच राहतात त्यामुळे बघणाऱ्याला जागाच वाटतो. आणि सतत पोहणाऱ्यांचं म्हणाल तर, डॉगफिश नावाच्या लहान शार्कवरच्या प्रयोगांत दिसलंय की पोहायची लय मेंदूवाचूनही मणक्यातल्या मज्जारज्जूतून चालू राहते, म्हणून पोहता पोहता मेंदूला आराम मिळत असेल असं मानतात.

पोरीला टबातला रोहू दाखवा, मिनिटात किती वेळा तोंड उघडतो ते तिलाच मोजू द्या. मरळ मात्र घेऊ नका, ती वर येऊन हवा पिते, हिशोबच वेगळा.