खोलीतील हवा आणि सीमा-अटी

प्रश्न : खोलीतील हवेच्या प्रवाहाचे संगणकीय प्रारूप करताना हवा आत येणारी जाळी आणि बाहेर जाणारा झरोका या दोन्ही ठिकाणी मी सीमा-अट (प्रारूपाच्या कडेवर आधीच ठरवून दिलेले मूल्य) म्हणून वेग दिला, पण उत्तर स्थिरावत नाही. असे का होते?

उत्तर : खोलीतील हवेची घनता जवळपास स्थिर धरली जात असल्यामुळे जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जावी लागते; दोन्हीकडचे प्रवाह किंचितही जुळले नाहीत तर गणिताला उत्तरच उरत नाही, आणि जुळले तरी दाबाला आधारबिंदू, म्हणजे तो ज्याच्या तुलनेत मोजायचा ते मूल्य, मिळत नाही. म्हणून जाळीवर वेग आणि झरोक्यावर शून्य सापेक्ष दाब (बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच दाब) द्यावा.

खरी गफलत बहुधा जाळीपाशी होते. ०.०४ चौरस मीटरच्या जाळीतून सेकंदाला ०.०५ घनमीटर हवा येत असेल, तर सरासरी वेग १.२५ मीटर प्रति सेकंद निघतो. मात्र पट्ट्यांनी निम्मी जागा अडवली असल्यास हवा प्रत्यक्षात २.५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते, झोताचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दुप्पट होतो आणि तो खोलीत कितीतरी दूर पोहोचतो. पट्ट्यांचा तिरकेपणाही दिशेत धरावा.

उघडी खिडकी हे वेगळेच प्रकरण आहे : तिथे हवा खालून आत आणि वरून बाहेर जाऊ शकते, त्यामुळे खिडकीबाहेरचा थोडा भागही प्रारूपात घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. भिंतींवर वेग शून्य ठेवून तापमान किंवा उष्णताप्रवाह द्यावा.