आधी खताचा हिशेब कर

कारखानदारी व्यवस्थेवरचा तुझा राग खरा आहे, तो विझवू नकोस. पण ‘औद्योगिक सभ्यताच मोडली पाहिजे’ म्हणण्याआधी नायट्रोजनचा हिशेब कर. हेबर-बॉश प्रक्रियेने हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनतं, त्याला बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू लागतो, आणि जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्यावर उभं आहे. हे उद्या बंद पडलं तर आधी उपाशी कोण राहील? कारखानदार नक्कीच नाही. या प्रश्नाला भिडायला मला बरीच वर्षं लागली. तोवर नुसता तावातावाने बोलायचो.

‘कार्यक्षमता वाढवली की भागेल’ म्हणणारे भेटतील. त्यांना जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची आठवण दे. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला, हे त्याने १८६५ मध्ये मांडलं. आपल्या टीकेचा कणा हाच. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २८० भागांवरून ४२० च्या वर गेला, तो यंत्रं सुधारत असतानाच.

लडाइटांना, म्हणजे यंत्रं फोडणाऱ्या त्या कापड-कामगारांना, यंत्रद्वेष्टे म्हणून हसू नकोस. १८११ पासून इंग्लंडात त्यांनी विणकामाची यंत्रं फोडली, ती बहुतेकदा मजुरी पाडणाऱ्या मालकांची. १८१२ मध्ये त्यासाठी फाशीचा कायदा झाला.

आजही जाळपोळीच्या गोष्टी करणारा कुणी गाठेल. लांब राहा. इजा होते पहारेकऱ्याला, तुरुंगात जातात तुझ्यासारखे नवखे.

त्यापेक्षा एकच खाण किंवा धरण धर. त्याचा पर्यावरण अहवाल ओळ न ओळ वाच, मग तिथल्या विस्थापितांकडे जा. आणि पहिले काही दिवस फक्त ऐक.