फीड रिकामं येतंय? आधी स्टेटस प्रिंट कर

साइटच्या फीडमधून (साइट प्रोग्रामसाठी ठेवते ती ताज्या बातम्यांची यादी) तुझ्या पायथन स्क्रिप्टला बातम्याच मिळत नाहीत आणि वेळाही चुकतात, ही तुझी तक्रार, म्हणून ती चालवून बघितली. लूप ठीक आहे, त्याला हात नको लावूस, आणि सगळं ब्युटिफुलसूपमध्ये (वेबपानांतून मजकूर काढायची लायब्ररी) नव्याने लिहायला तर अजिबात बसू नकोस.

एरर येत नाही आणि बातम्याही येत नाहीत, हा फीडपार्सरचा (फीड वाचणाऱ्या लायब्ररीचा) स्वभावच आहे. साइट बंद असो, लिंक चुकलेली असो, तो आरडाओरडा करत नाही, गुपचूप रिकामी लिस्ट हातात ठेवतो आणि तुझा लूप एकदाही न फिरता संपतो. म्हणून पार्स झाल्या झाल्या स्टेटस (सर्व्हरच्या उत्तराचा कोड), बोझो (फीड वाचताना काही खटकलं की 1 होणारी खूण, नाव खरंच असलंच आहे) आणि एन्ट्रीज, म्हणजे बातम्या, किती आल्या ते प्रिंट कर. नेटच नसेल तर स्टेटस ही की सापडतच नाही, म्हणून ती .get() लावून घे, म्हणजे की नसली तरी स्क्रिप्ट पडणार नाही. 403 आलं तर साइटने बॉट म्हणून हाकललंय, एजंटमध्ये (साइटला सांगितली जाणारी ओळख) स्क्रिप्टचं नीट नाव देऊन बघ, तरी नाही म्हणाले तर नाद सोड. 200 (म्हणजे सगळं ठीक) असून एन्ट्रीज शून्य असतील तर आलेला मजकूर उघड, बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत डॉकटाइप एचटीएमएल दिसतं, म्हणजे फीड नाही, साइटचं साधं पानच उतरलंय. बोझो 1 दिसला म्हणून मात्र फीड फेकू नकोस, नुसता एन्कोडिंगचा घोळ असला तरी तो 1 होतो आणि बातम्या व्यवस्थित असतात.

आता ती वेळेची भानगड. सकाळी दहाची बातमी तुझ्याकडे पहाटे साडेचारची दिसते, बरोबर? साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं, यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) गोंधळ आहे. पब्लिश्ड पार्स्डमध्ये (फीडपार्सर बातमीची वेळ देतो ते फील्ड) वेळ यूटीसीत असते आणि एमकेटाइम हे पायथनचं फंक्शन तिला लोकल समजतं. त्याऐवजी कॅलेंडर मॉड्यूलमधलं टाइमजीएम वापर. आणि काही अ‍ॅटम फीडमध्ये (हा फीडचा एक प्रकार) पब्लिश्ड नसतंच, फक्त अपडेटेड असतं, तिथे स्क्रिप्ट पडेल, तेव्हा तेही गेटनेच.

डुप्लिकेट हेडलाइनवरून ओळखू नकोस, पेपरवाले ती दिवसभर बदलत असतात, बातमीचा आयडी धर. दर मिनिटाला फीड ओढणंही बंद कर, अर्ध्या तासाने पुरे. ईटॅग (फीडच्या त्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) जपून ठेव आणि पुढच्या वेळी सोबत पाठव, नवीन काही नसेल तर 304 येईल आणि एन्ट्रीज रिकाम्या येतील, तेव्हा परत घाबरून मला मेसेज करू नकोस. ट्राय-एक्सेप्टमधला तो पास मात्र आजच काढ, तो एरर गुपचूप गिळून टाकतो.