कॅरोल कुल्थाऊ यांच्या संशोधनातून माहिती साक्षरतेला (म्हणजे हवी ती माहिती शोधून नीट वापरण्याच्या कौशल्याला) नेमके काय मिळाले?

माहिती शोधणाऱ्याच्या मनातला गोंधळ हे त्याच्या अडाणीपणाचे लक्षण नसून शोधप्रक्रियेचाच स्वाभाविक भाग आहे, हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या निवृत्त प्राध्यापक कॅरोल कुल्थाऊ यांनी दाखवून दिले. १९८० च्या दशकात प्रकल्प-निबंध लिहिणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांच्या दैनंदिन नोंदी आणि मुलाखती यांवरून त्यांनी शोधाचे सहा टप्पे मांडले: आरंभ, विषयनिवड, चाचपणी, सूत्रबांधणी (नेमका मुद्दा ठरवणे), संकलन आणि सादरीकरण. यातला तिसरा टप्पा सर्वांत अवघड, कारण विषय ठरल्यावर आलेला हुरूप तिथे ओसरतो; समोर आलेली पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काय विचारावे हेच न कळल्याने विद्यार्थी ग्रंथपालाकडे जायचे टाळतो. म्हणून केवळ ग्रंथालयाची तालिका (पुस्तकांची सूची) किंवा डेटाबेस कसा वापरावा हे शिकवून भागत नाही, तर नेमक्या याच टप्प्यावर ग्रंथपालाने आपण होऊन मदतीला जावे, असा त्यांचा आग्रह आहे (आपल्याकडील वाचक-उद्बोधन वर्ग, म्हणजे ग्रंथालय कसे वापरावे हे शिकवणारे वर्ग, बहुधा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात उरकले जातात, हे इथे आठवावे). मात्र सहा टप्प्यांचे हे प्रतिमान (मॉडेल) दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासकामाला लागू पडते. एखादा पिनकोड किंवा सनावळी शोधताना ते लावू नये, आणि प्रत्यक्षात टप्पे पुढेमागेही होतात.