वाचकांचे प्रश्न : वनस्पतींचे अर्क आणि व्हेपचे द्रव

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयाची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. चोरून विकल्या जाणाऱ्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, द्रवात काय असते याचा भरवसा नसल्यामुळे, निकोटिन अजिबात न घालता ते घरीच तयार करावे असे मनात आहे. मंडईतून वाळा, दालचिनी आणि पुदिना आणला आहे, व्हॅनिलाच्या शेंगाही मिळाल्या आहेत. हे पदार्थ आपण खातोच. मग त्यांचा अर्क ग्लिसरीनमध्ये मिसळून ओढल्यास अपाय होऊ नये. कोणता अर्क किती घ्यावा, हे सांगावे.

उत्तर : प्रमाण मी सांगणार नाही, कारण वर्षानुवर्षे ओढत राहिले तरी फुप्फुसांना चालेल असे प्रमाण यांपैकी कोणत्याही अर्काबाबत ठरलेलेच नाही. विकतच्या द्रवाबद्दल आपल्याला शंका आली ही चांगली गोष्ट आहे. तीच शंका घरच्या द्रवाबद्दलही घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.

खाल्लेला पदार्थ जठरातील आम्लातून आणि आतड्यांतील पाचकरसांतून जातो, आणि शोषला गेल्यावर बहुतांशी आधी यकृतात पोहोचतो, जिथे अनेक त्रासदायक रेणूंची मोडतोड होते. श्वासावाटे आत गेलेल्या पदार्थाला यांपैकी एकही टप्पा पार करावा लागत नाही. फुप्फुसांतील वायुकोशांची, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची, भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते आणि तिच्यापलीकडे लगेच रक्त असते. तेल किंवा मेण तिथे पोहोचले तर ते पचवण्याची सोय फुप्फुसांत नाही. संरक्षक पेशी ते गिळतात, त्याने फुगतात आणि तिथे दाह सुरू होतो. या विकाराला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. नाकात तेलकट थेंब घातल्यामुळे झालेल्या अशा न्यूमोनियाचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात 1925 मध्येच आले आहे, म्हणजे व्हेपचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

घरी काढलेल्या अर्कात सुगंधी रेणू एकटे येत नाहीत. त्यांच्यासोबत पानांवरचे मेण, हरितद्रव्य, शर्करा, राळ आणि फवारलेल्या औषधांचे अंशही येतात. कापडातून किंवा गाळणकागदातून कितीही वेळा गाळले तरी विरघळलेले पदार्थ मागे राहत नाहीत. शर्करा तापल्या की करपतात, द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर, त्यांचा थर बसतो आणि त्यांतून त्रासदायक अल्डिहाइडे तयार होतात. आपण निरुपद्रवी मानलेले ग्लिसरीनसुद्धा अतितापल्यावर ॲक्रोलीन देते. तेल जळताना डोळ्यांना आणि घशाला झोंबतो तो हाच वायू. व्हेपच्या द्रवात ग्लिसरीनप्रमाणेच वापरले जाणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन अतितापल्यावर फॉर्माल्डिहाइडही मिळू शकते.

आता आपण निवडलेल्या वनस्पतींकडे वळतो. दालचिनीच्या सुगंधाचा मुख्य घटक सिनामाल्डिहाइड आहे. श्वासनलिकेतील पेशींवर सूक्ष्म केसांसारख्या रोमिका असतात आणि त्या कफ व धूळ वर ढकलत राहतात. या घटकामुळे त्यांची हालचाल मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. पुदिन्यातील मेंथॉल घशाला गारवा देते, त्यामुळे होणारी जळजळ जाणवत नाही आणि माणूस अधिक खोल ओढतो. व्हॅनिलातील व्हॅनिलिन प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये नुसते ठेवले तरी दोघांची अभिक्रिया होऊन नवे संयुग तयार होते, म्हणजे बाटलीत घातले तेच अखेरीस ओढले जाते असेही नाही. वाळ्याचे तेल तर जड आणि दाट असते.

खाण्याची परवानगी आणि ओढण्याची सुरक्षितता यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे डायॲसिटिलच्या उदाहरणावरून कळते. लोण्याला जो वास येतो त्यात या रेणूचा वाटा असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्या पोटात जात आहे. पण अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नला लोण्याचा स्वाद लावणाऱ्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना लहान श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार झाल्याचे 2000 साली उघडकीस आले, आणि तपासाअंती स्वादाच्या वाफांशी त्याचा संबंध जोडला गेला. जीवनसत्त्व ई चे ॲसिटेटही असेच आहे. ते गोळ्यांत आणि त्वचेच्या मलमांत सर्रास वापरले जाते. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या तीव्र इजेची साथ आली, तेव्हा 18 फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यांत 68 मृत्यू होते. तपासलेल्या 51 रुग्णांपैकी 48 जणांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवात हे ॲसिटेट सापडले. त्या साथीतील बहुतेकांनी गांजातील घटक असलेले आणि बऱ्याचदा अनधिकृत मार्गाने मिळवलेले द्रव वापरले होते, त्यामुळे आपल्या बेताशी त्याची पूर्ण बरोबरी करता येणार नाही. तरीही घट्टपणा आणण्यासाठी सहज मिसळलेल्या एका ‘निर्धोक’ पदार्थाने काय घडवले, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

कायद्याचेही सांगणे भाग आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा 2019 नुसार ई-सिगारेटचे, मग ती पूर्ण वस्तू असो वा तिचा कोणताही भाग, उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साठा करण्याला वेगळी शिक्षा आहे. या कायद्यातील व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची उपकरणे येतात, त्यामुळे ‘मी निकोटिन घातलेले नाही’ हा बचाव उपयोगाचा नाही. मित्रांसाठी दोन बाटल्या भरून देणेसुद्धा आपल्याला महागात पडू शकते.

प्रश्न : आमच्या घरी सर्दी झाली की निलगिरीचे तेल किंवा ओवा घालून वाफारा घेतात. आयुर्वेदातही औषधी धूमपान सांगितले आहे. मग नातवाच्या व्हेपमधील वनस्पतींची वाफ तेवढी वाईट कशी? (सदाशिव पेठेतील एक आजी)

उत्तर : आजी, आपला प्रश्न अगदी रास्त आहे. वाफाऱ्यात पाणी सुमारे 100 अंशांना उकळते आणि त्या वाफेबरोबर फक्त सहज उडणारे रेणू थोड्या प्रमाणात वर येतात. मेण, रंग आणि साखर पातेल्यातच राहतात. व्हेपमध्ये घट्ट द्रव तापलेल्या कॉइलवर बाष्प होते आणि थंड होताना त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, जे ग्लिसरीनसह खोलवर उतरतात. शिवाय वाफारा दुखण्यापुरता आणि काही मिनिटांचा असतो, तर व्हेप हातात आले की दिवसभर ओढले जाते.

धूमपानाचे म्हणाल, तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात त्याच्या वेळा मोजून दिल्या आहेत, ते कोणी करू नये हेही सांगितले आहे आणि अकाली किंवा अति केल्यास होणाऱ्या विकारांत बहिरेपण, आंधळेपण आणि चक्कर यांची नावे घेतली आहेत. त्या आधारावर दिवसभराच्या चाळ्याचे समर्थन करता येणार नाही. जाता जाता एक काळजीची सूचना करतो : निलगिरीचे तेल आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत, कारण ते थोडेसे पोटात गेले तरी मुलांना झटके येऊ शकतात.

प्रश्न : मी हडपसरला नोकरी करतो. सिगारेट सुटावी म्हणून व्हेप घेतले, आता द्रव मिळत नाही. तंबाखूची पाने ग्लिसरीनमध्ये भिजवून घरीच निकोटिनचा अर्क काढता येईल का?

उत्तर : कृपया हे करू नका. पानांतील निकोटिनचे प्रमाण जातीनुसार आणि पिकानुसार बदलते, त्यामुळे आपल्या अर्काच्या एका थेंबात किती विष आहे हे मोजण्याचे कोणतेही साधन आपल्या स्वयंपाकघरात नाही. निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ, उलट्या आणि चक्कर यांचा त्रास होतो.

सिगारेट सोडण्याचा आपला निर्धार मात्र मला फार मोलाचा वाटतो आणि तो वाया जाऊ नये. 2 मिलिग्रॅमचे निकोटिन गम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ते साध्या च्युइंगमसारखे चघळत राहिल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी व जळजळ होते, आणि ‘हे काही लागू पडत नाही’ असे म्हणून लोक ते टाकून देतात. योग्य पद्धत अशी, की जिभेला चुरचुर जाणवेपर्यंत ते सावकाश चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चुरचुर ओसरली की पुन्हा चावावे, आणि असे साधारण अर्धा तास करावे. त्याच्या पंधरा मिनिटे आधी आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबूपाणी घेऊ नये, कारण आम्लामुळे शोषण घटते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमच्या गमबद्दल किंवा इतर औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे. 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर समुपदेशन विनामूल्य मिळते.

प्रश्न : मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखे उपकरण आणि गोड वासाची बाटली सापडली. बाटली मोरीत ओतून टाकू का? (औंधमधील एक आई)

उत्तर : ओतू नका. त्यात निकोटिन असल्याचे गृहीत धरून बाटलीचे झाकण घट्ट लावा आणि ती घरातील लहान मुलांपासून दूर ठेवा. हाताला लागल्यास साबणाने धुवा. कोणाच्या पोटात गेले आणि उलट्या, घाम, लाळ किंवा धडधड सुरू झाली, तर मुद्दाम उलटी न करवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मुलाशी बोलताना प्रथम किती दिवसांपासून आणि किती वेळा, एवढेच विचारा. चौकशीचा सूर लागला की मुले खरे सांगत नाहीत.

प्रश्न : मला अर्क काढण्याचीच हौस आहे, व्हेपशी काही देणेघेणे नाही. घरी सुरक्षितपणे काय करता येईल? (पाषाणमधील एक वाचक)

उत्तर : पुष्कळ करता येईल. गावठी गुलाब, मरवा किंवा दवणा रुंद पातेल्यात बुडेल इतक्या पाण्यात घालावा, मधोमध तिवईवर रिकामी वाटी ठेवावी, झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ घालावा आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. झाकणाला लागलेली वाफ निवून वाटीत सुगंधी पाणी जमते. ते उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, शीतकपाटात ठेवून आठवडा-दोन आठवड्यांत संपवावे, कारण त्यात टिकवणारे काहीच नसते. खाण्यासाठी करायचे असेल तर फवारणी न केलेली घरची फुले घ्यावीत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुले खोलीतल्या सुगंधापुरती वापरावीत. मद्यार्काचे ऊर्ध्वपातन मात्र घरी करू नये. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि त्याची वाफ पेट घेते.

वाळ्याची जुडी धुऊन रात्रभर पाण्यात भिजवली आणि गाळलेल्या पाण्यात साखर आटवली की सरबताचा पाक होतो. त्याचा रंग फिकट तपकिरी येतो. बाजारातील हिरवा रंग वरून घातलेला असतो. व्हॅनिलाची शेंग उभी चिरून साखरेच्या बरणीत पुरून ठेवावी, ती साखर बासुंदीला छान लागते. दालचिनी आणि लवंग यांची तेले मात्र जपून हाताळावीत : ती न मिसळता त्वचेला लावल्यास आग होते, म्हणून खोबरेल तेलात अगदी विरळ करूनच आणि आधी मनगटावर थोडी लावून पाहावीत.